आरोपीच्या पिंजऱ्यातला तामिळ बोलपट

वाचकहो, चोर, खुनी, पोलीस आणि न्यायाधीश ही चार माणसे पडद्यावर आली, की प्रेक्षक सावरून बसतो. मग ते शहरातले चित्रगृह असो, नाही तर जत्रेतला तंबू असो. गुन्हा कोणी केला आणि त्याला शिक्षा काय झाली, हे कळल्याशिवाय कोणी जागचा हलत नाही. अशा चित्रपटांविषयी आपल्या शिक्षकबंधूंचे मत मात्र फारसे बरे नसते. मुले त्यातून चोरीच तेवढी उचलतात, असे ते म्हणतात. त्या वादात आज आपण पडू नये. तामिळ भाषेतल्या चित्रपटांनी गुन्हा आणि शिक्षा हा विषय कसा हाताळला, एवढेच आज पाहू.

तामिळच का, असे तुम्ही विचाराल. त्याचे कारण असे, की तिकडे हा विषय केवळ पडद्यावर राहिला नाही. तामिळ चित्रसृष्टीतला त्या काळचा सर्वांत लोकप्रिय नट एक दिवस खरोखरीच्या आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहिला आणि जन्मठेपेची शिक्षा ऐकून तुरुंगात गेला. तिथूनच ही हकीगत सुरू करावी लागते.

या नटाचे नाव एम. के. त्यागराज भागवतर. जन्म १९१० सालचा, घराणे सोनारकाम करणाऱ्यांचे. गळा असा, की नाटकातून तो सिनेमात आला तो गाण्याच्याच जोरावर. १९३४ साली त्याचा पहिला बोलपट आला आणि पुढच्या दहा वर्षांत तामिळ मुलखात त्याच्या नावावर गर्दी लोटू लागली. १९४४ सालच्या दिवाळीत त्याचा ‘हरिदास’ हा बोलपट झळकला. कथा ऐकाल तर ओळखीची वाटेल. तरुण मुलगा चैनीत बुडतो, आईबापांना घराबाहेर घालवतो, पुढे त्याचे पाय जातात, डोळे उघडतात आणि मग तो आईबापांच्या सेवेला वाहून घेतो. आपल्या पुंडलिकाच्या कथेच्याच वळणाची ही कथा. पाप, शिक्षा आणि पश्चात्ताप! मद्रासच्या ब्रॉडवे चित्रगृहात ‘हरिदास’ने तीन दिवाळ्या पाहिल्या.

आणि याच चित्रपटाच्या पहिल्या दिवाळीनंतर महिना उलटायच्या आत मद्रास शहरात एक खून झाला.

सी. एन. लक्ष्मीकांतन नावाचा एक पत्रकार होता. खोट्या दस्तऐवजांच्या गुन्ह्यात पूर्वी शिक्षा भोगून आलेला. त्याने ‘सिनेमा तूदु’ नावाचे साप्ताहिक काढले आणि त्यात नटनट्यांच्या खाजगी आयुष्यातल्या खऱ्याखोट्या भानगडी छापायला सुरुवात केली. अंक हातोहात खपत. ज्यांची अब्रू जाई ते हात चोळत बसत. शेवटी चित्रसृष्टीतल्या काही मंडळींनी गव्हर्नरकडे तक्रार नेली. त्या साप्ताहिकाचा परवाना गेला. पण गडी गप्प बसणारा नव्हता. त्याने ‘हिंदू नेसन’ हे दुसरे पत्र हाती घेतले आणि तोच उद्योग पुढे चालू ठेवला. ८ नोव्हेंबर १९४४ रोजी मद्रासच्या वेपेरी भागात रिक्षातून जात असताना त्याच्यावर सुरीचे वार झाले आणि दुसऱ्या दिवशी तो इस्पितळात मरण पावला.

संशय कोणावर जाणार, हे सांगायला नकोच. ज्यांनी तक्रार केली त्यांच्यावर. भागवतर, विनोदी नट एन. एस. कृष्णन आणि कोइमतूरच्या पक्षिराज स्टुडिओचे एस. एम. श्रीरामुलु नायडू यांना पकडण्यात आले. या कटामागे हेच आहेत, असा पोलिसांचा आरोप होता. मद्रास हायकोर्टात ज्यूरीपुढे खटला चालला. ज्यूरी म्हणजे न्यायाधीशांना निर्णयात साहाय्य करणारे नागरिक पंच. १९५९ सालच्या मुंबईतल्या नानावटी प्रकरणामुळे हा शब्द आपल्याकडेही घरोघर पोहोचला होता. १९४५ साली निकाल लागला. नायडू निर्दोष सुटले. भागवतर आणि कृष्णन यांना जन्मठेप झाली. हायकोर्टातले अपील फेटाळले गेले. त्या काळी आपले सर्वांत वरचे न्यायालय लंडनला होते. त्याला प्रिव्ही कौन्सिल म्हणत. तिथपर्यंत प्रकरण गेले. अपिलाचा पुन्हा विचार व्हावा असे तिथून ठरले, आणि एप्रिल १९४७ मध्ये हायकोर्टाने दोघांनाही निर्दोष ठरवून सोडून दिले. त्या खुनाचा उलगडा मात्र आजतागायत झालेला नाही.

आता एक गोष्ट ध्यानात घ्या. नायक तुरुंगात होता, तेव्हाही ब्रॉडवेमध्ये ‘हरिदास’ चालूच होता. लोक तिकिटे काढून त्याचे गाणे ऐकत, त्याच्या पश्चात्तापाने डोळे पुसत. तेच लोक बाहेर पडून, ‘खून याने केला असेल का हो?’ अशी चर्चाही करत असतील. पडद्यावरच्या हरिदासाला देवाने क्षमा केली. पडद्याबाहेरच्या हरिदासाचे काय झाले?

तो सुटला, पण पूर्वीचे दिवस परत आले नाहीत. सुटकेनंतर त्याने स्वतः चित्रपट काढला, ‘राजमुक्ती’. हा १९४८ साली आला. त्याचे चित्रीकरण आपल्या पुण्यात, प्रभात स्टुडिओत झाले होते. नाव राजमुक्ती, पण लोकांनी तो उचलून धरला नाही. त्यानंतरचे बोलपटही असेच पडले. १ नोव्हेंबर १९५९ रोजी भागवतर वारले, तेव्हा त्यांचे वय अवघे एकोणपन्नास होते. उभ्या आयुष्यात चौदा बोलपट, आणि त्यांतला शेवटचा मृत्यूनंतर पडद्यावर आला. कृष्णन यांची गोष्ट निराळी झाली. ते तुरुंगातून आले आणि त्यांनी पुन्हा लोकांना हसवायला सुरुवात केली, लोकही हसले. म्हणजे आरोप एकच, शिक्षा एकच, सुटकाही एकाच दिवशी. पुढचे आयुष्य मात्र दोघांचे दोन तऱ्हांचे. कायद्याने दिलेली शिक्षा संपते कधी आणि लोकांनी दिलेली संपते कधी, याला काही हिशेब नाही. ‘चोर सोडून संन्याशाला फाशी’ अशी आपल्याकडे म्हण आहे. पण फाशीच्या दोरावरून उतरवलेल्या संन्याशाने पुढे कसे जगावे, हे म्हणीत कुठे सांगितले आहे?

नेमका हाच प्रश्न पुढच्या तामिळ चित्रपटांनी धरलेला दिसतो. या खटल्यामुळेच ते झाले, असा दावा मी करणार नाही. परंतु माणसे तीच होती, हे विसरून चालणार नाही.

खटल्यातून सुटलेल्या श्रीरामुलु नायडूंनी १९५० साली कोणता चित्रपट काढला, पाहा. फ्रेंच लेखक व्हिक्टर ह्यूगो याच्या ‘ले मिझेराब्ल’ या कादंबरीवरून घेतलेला ‘एळै पडुम पाडु’. गरिबाची परवड, असा त्या नावाचा अर्थ. भुकेपोटी केलेल्या चोरीसाठी वर्षानुवर्षे तुरुंग भोगलेला माणूस बाहेर येतो, सज्जन होतो, चार लोकांचे भले करतो. पण एक पोलीस अधिकारी सावलीसारखा त्याच्या पाठीमागे लागलेला असतो. त्या अधिकाऱ्याच्या हिशेबी एकदा चोर तो कायमचा चोर. दिग्दर्शन के. रामनाथ यांचे होते. चोराचे काम व्ही. नागय्या यांनी केले आणि पोलीस अधिकाऱ्याचे सीतारामन नावाच्या नटाने. मूळ कादंबरीत त्या अधिकाऱ्याचे नाव जावेर. सीतारामन यांनी ते काम असे वठवले, की लोक त्यांना ‘जावर’ सीतारामन म्हणू लागले आणि तेच नाव त्यांना जन्मभर चिकटले. बघा, पडद्यावर ज्याने दुसऱ्याच्या अंगावरचा शिक्का पुसू दिला नाही, त्याच्याच अंगावर एक शिक्का बसला! तो मात्र मानाचा होता, एवढाच फरक.

याच नायडूंनी १९५४ साली ‘मलैक्कळ्ळन’ काढला. मलैक्कळ्ळन म्हणजे डोंगरातला चोर. नामक्कल रामलिंगम पिळ्ळै या कवीच्या कादंबरीवरून तो घेतला होता. त्यात श्रीमंतांना लुटून गरिबांना आधार देणारा दरोडेखोर एम. जी. रामचंद्रन यांनी रंगवला. राष्ट्रपतींचे रौप्यपदक मिळवणारा हा पहिला तामिळ चित्रपट. तुम्ही तो तामिळमध्ये पाहिला नसला तरी हिंदीत पाहिला असण्याचा संभव आहे. कारण नायडूंनीच पुढल्या वर्षी त्याचा ‘आझाद’ केला. दिलीपकुमार आणि मीनाकुमारी यांचा तो चित्रपट, आणि त्याचे संगीत आपल्या सी. रामचंद्रांचे, म्हणजे नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्यात जन्मलेल्या रामचंद्र चितळकरांचे.

मधल्या काळात, १९५२ च्या दिवाळीत, ‘पराशक्ती’ आला. कृष्णन आणि पंजू या जोडीने तो दिग्दर्शित केला. संवाद लिहिले एम. करुणानिधी यांनी, पुढे १९६९ साली मुख्यमंत्री झाले तेच हे. शिवाजी गणेशन यांचा हा पहिला चित्रपट. रंगूनला गेलेले तीन भाऊ आणि मदुरेला राहिलेली त्यांची बहीण कल्याणी यांची ही कहाणी. महायुद्धाने भावंडांची ताटातूट होते. कल्याणीचा नवरा जातो, बाप जातो, पदरात तान्हे मूल उरते. दारोदार फिरावे तर प्रत्येक दारात एक लांडगा. देवळात आसरा घ्यावा तर पुजाऱ्याचीच नजर वाईट. शेवटी ती मूल नदीत टाकते आणि जीव द्यायला निघते. तिला पकडून न्यायालयात उभे करतात. न्यायासनावर कोण? तिचाच थोरला भाऊ! बहिणीला छळणाऱ्या पुजाऱ्यावर हल्ला करणारा धाकटा भाऊ गुणशेखरन, तोही आरोपी म्हणून उभा राहतो. आणि मग तो बोलू लागतो.

ते भाषण तामिळनाडूत लोक तोंडपाठ म्हणत. त्याचा मथितार्थ असा. मी गुन्हा केला, हे मी नाकारत नाही. पण त्या गुन्ह्याच्या वाटेवर मला कोणी ढकलले, तेही एकदा ऐका. माझ्या बहिणीला भीक घालायलाही ज्यांनी किंमत मागितली, त्यांना आरोपी कोण करणार? या चित्रपटावर बंदी घाला, अशी मागणी झाली. देवाधर्माची त्यात निंदा आहे, असे अनेकांना वाटले. द्रविड मुन्नेत्र कळघम हा पक्ष त्या वेळी तीन वर्षांचा होता आणि चित्रपटाच्या मागे त्याचा विचार होता, हे तर उघडच होते. तो विचार कोणाला पटो न पटो. गुन्हेगाराला पडद्यावर एवढा वेळ, एवढ्या स्पष्ट शब्दांत बोलू दिले गेले, ही गोष्ट मात्र मोठी होती. तोवर पडद्यावरचा आरोपी मान खाली घालून निकाल ऐकत असे. इथे त्याने मान वर केली. चित्रपटात मूल वाचलेले असते, भावंडे एकत्र येतात आणि शेवट गोड होतो. परंतु प्रेक्षक घरी जाताना तो गोड शेवट विसरे आणि ते भाषण घेऊन जाई.

आणखी दोन वर्षांनी, १९५४ मध्ये, ‘अंद नाळ’ म्हणजे ‘तो दिवस’ हा चित्रपट आला. यात गाणे नाही, नाच नाही. गाण्याशिवायचा तामिळमधला हा पहिलाच बोलपट. निर्मिती ए.व्ही.एम. या संस्थेची, लेखन आपल्या त्याच जावर सीतारामन यांचे आणि दिग्दर्शन एस. बालचंदर यांचे. हे बालचंदर म्हणजे थोर वीणावादक. लहानपणी ‘सीताकल्याणम्’ या तामिळ बोलपटात ते पहिल्यांदा पडद्यावर आले, आणि तो बोलपट काढला होता आपल्या प्रभात फिल्म कंपनीने. असे हे धागे मद्रासपासून पुण्यापर्यंत गुंतलेले आहेत.

‘अंद नाळ’ची गोष्ट रेडिओच्या श्रोत्यांना जवळची वाटावी अशी आहे. साल १९४३. ऑक्टोबरमध्ये जपानी विमानाने मद्रासवर बाँब टाकले, त्याच सुमारास राजन नावाच्या एका रेडिओ इंजिनियराचा गोळी लागून मृत्यू होतो. चौकशी सुरू होते. शेजारी, भाऊ, भावजय, एक नर्तकी आणि स्वतःची बायको, एवढ्यांवर संशय. प्रत्येक जण आपापल्या परीने ती हकीगत सांगतो आणि प्रत्येकाच्या सांगण्यात खुनी दुसराच असतो. अकिरा कुरोसावाच्या ‘राशोमोन’ची ही पद्धत. शेवटी कळते, की राजन जपान्यांचा हेर होता आणि त्याला लागलेली गोळी त्याच्या देशभक्त बायकोच्या हातच्या पिस्तुलातून सुटली होती. नायकाचे काम करणारा शिवाजी गणेशन इथे देशद्रोही! लोकांना हे रुचले नाही. चित्रपट धंद्यात पडला, जाणकारांनी मात्र तो जपून ठेवला. शिक्षकांनी लक्षात घ्यावे असे त्यात एक आहे. साक्षीदार खोटे बोलतो तो नेहमी लबाडीने बोलतो असे नाही. त्याला जसे दिसले, जसे हवे होते, तसे तो बोलतो. शाळेत दोन मुलांचे भांडण निस्तरताना हा अनुभव आपल्याला रोज येतो, नाही का?

आता शिक्षेकडे वळू. शिक्षा कशासाठी, सूड म्हणून की सुधारणा म्हणून, हा प्रश्न तामिळ पडद्यावर एकदा थेट आपल्या माणदेशातून गेला. १९३९ च्या सुमारास औंध संस्थानात, आटपाडीजवळ, कैद्यांना भिंतीवाचून ठेवण्याचा प्रयोग सुरू झाला. ती वसाहत म्हणजे स्वतंत्रपूर. औंधच्या राजेसाहेबांचा पाठिंबा आणि मॉरिस फ्रीडमन या पोलिश इंजिनियराची कल्पना. खुनाच्या गुन्ह्यातल्या कैद्यांनी तिथे शेती करायची, माणसांसारखे राहायचे. त्याच भागातले ग. दि. माडगूळकर यांनी त्यावर कथा लिहिली आणि शांतारामबापूंनी १९५७ साली ‘दो आँखें बारह हाथ’ काढला. तो चित्रपट आपल्याला पाठच आहे. परंतु १९७५ साली त्याचाच तामिळ अवतार निघाला, ‘पल्लांडु वाळ्गा’, हे आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. तुरुंगाधिकाऱ्याच्या भूमिकेत एम. जी. रामचंद्रन, डोंगरातल्या चोराचे काम केलेले तेच हे गृहस्थ. दोन वर्षांनी, १९७७ मध्ये, ते तामिळनाडूचे मुख्यमंत्री झाले. सहा कैद्यांमध्ये नंबियार आणि वीरप्पा यांच्यासारखे, एरवी पडद्यावर त्यांच्याशी तलवारीने लढणारे, कसलेले खलनायक होते. ज्यांना नायकाने वर्षानुवर्षे मारले, त्यांनाच आता त्याने सुधारायचे होते! माणदेशच्या माळावरचा एक प्रयोग असा कावेरीकाठच्या खेड्यांत पोहोचला.

यानंतर दिवस पालटले. चित्रपटांतली भाषणे कमी झाली आणि न्यायालयाच्या अलीकडची जागा पडद्यावर दिसू लागली. ती जागा म्हणजे पोलीस कोठडी. २०१५ साली वेट्रिमारन यांनी ‘विसारणै’ काढला. विसारणै म्हणजे चौकशी. कोइमतूरचे एक रिक्षाचालक, एम. चंद्रकुमार, यांना तरुणपणी आंध्रातल्या गुंटूरला नुसत्या संशयावरून कोठडीत डांबून मारहाण झाली होती. तो अनुभव त्यांनी ‘लॉक अप’ या पुस्तकात लिहिला, आणि चित्रपटाचा पहिला भाग त्यावर आहे. परमुलखात मजुरी करणारी चार पोरे, भाषा येत नाही, ओळखपाळख नाही. न केलेली चोरी कबूल करा म्हणून त्यांना झोडपतात. या चित्रपटाला उत्कृष्ट तामिळ चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ‘पराशक्ती’तल्या गुणशेखरनला निदान न्यायाधीशापुढे बोलायला मिळाले होते. या पोरांचे म्हणणे कोणाला कळतच नाही, कारण ऐकणाऱ्याची भाषा दुसरी.

आणि २०२१ साली टी. जे. ज्ञानवेल यांचा ‘जय भीम’ आला. हे नाव महाराष्ट्रातले, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अनुयायांनी एकमेकांना घातलेल्या नमस्काराचे. चित्रपटाच्या अखेरीला मराठी कवितेचाच आधार घेतलेला आहे. तामिळनाडूत १९९३ साली घडलेल्या एका खऱ्या घटनेवर तो बेतला आहे. चोरीच्या संशयावरून एका गरीब, खालच्या मानल्या गेलेल्या जमातीतल्या माणसाला पोलीस धरून नेतात. काही दिवसांनी, तो पळून गेला, असे सांगतात. त्याची बायको वकिलाकडे जाते. के. चंद्रू हे ते वकील. पुढे ते मद्रास हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले. त्यांनी बंदिप्रत्यक्षीकरणाचा अर्ज केला. शब्द अवघड आहे, अर्थ मात्र सोपा आहे. धरून नेलेला माणूस न्यायालयापुढे आणून दाखवा, एवढीच ती मागणी. दाखवायला माणूसच उरलेला नव्हता. तो कोठडीतच मेला होता. तेव्हा या खटल्यात आरोपीच्या जागी पोलीस आले. मूळ प्रकरणाचा हायकोर्टातला निकाल लागायला २००६ साल उजाडले.

वाचकहो, १९४४ पासून २०२१ पर्यंतची ही वाट लांबलचक आहे. तिच्या एका टोकाला देखणा, श्रीमंत, गोड गळ्याचा नट आहे. दुसऱ्या टोकाला नावगाव कोणी न विचारणारा मजूर आहे. नटाच्या बाजूने मोठे वकील उभे राहिले, त्याचे अपील लंडनपर्यंत गेले, आणि तरीही त्याचे आयुष्य परत आले नाही. मजुराचे अपील तर कोठडीच्या दारापर्यंतही पोहोचत नाही. म्हणून या चित्रपटांत खुनी कोण हे कळल्यावरही एक प्रश्न उरतो. निकालाच्या आधीच शिक्षा झाली ती कोणाला, आणि ती दिली कोणी?

शिक्षकबंधूंना एवढेच सुचवतो. मुले चोरांचे चित्रपट पाहणारच. पाहून आली की त्यांना रागावण्याऐवजी वर्गात तीन प्रश्न घालावेत. गोष्टीत कोणाला बोलू दिले? कोणाला बोलू दिले नाही? आणि पुरावा पुढे येण्याआधी आपण कोणाला दोषी धरून बसलो होतो? तिसऱ्या प्रश्नाला मुले थोडी घुटमळतील. घुटमळू द्यावीत. गावात एखाद्या परक्या माणसाकडे, पालावरच्या एखाद्या कुटुंबाकडे चोरीचा संशय वळतो, तेव्हा चावडीवर बसलेल्या मोठ्या माणसांनाही हाच प्रश्न घुटमळायला लावील तर बरे.